जवारी खुली की बंद

"तार बदलून द्या," असं म्हणत माणूस दुकानात शिरला की मी आधी त्याला बसायला सांगायचो. तारेचा बिचारीचा दोष क्वचितच असतो. तंबोऱ्याचा आवाज बसला, सतार घुमी वाटायला लागली, की सगळे तारेला नावं ठेवतात, कारण ती डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते. खरं दुखणं तिच्या खाली, घोडीत असतं. घोडीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझं मात्र सगळं आयुष्य तिच्याकडे बघण्यात गेलं, आणि आज लिहायला बसलो तरी तीच पुढे येऊन उभी राहते.

आमचं दुकान बडोद्यात, वाडी भागातल्या एका अरुंद गल्लीत होतं. वडील, म्हणजे अण्णा, मिरजेला हे काम शिकले आणि संस्थानाच्या काळात इकडे आले. इथे गाणारे-वाजवणारे भरपूर आणि वाद्यं दुरुस्त करणारे मोजके, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. गुजरात वेगळं झालं तेव्हा मी शाळेत होतो. आजूबाजूच्या पाट्या हळूहळू गुजराती झाल्या, अण्णांनी आमची पाटी दोन्ही लिप्यांत रंगवून घेतली आणि विषय संपवला. मराठी गिऱ्हाइकं मला वसंतराव म्हणायची, गुजराती वसंतभाई. घोडी दोघांचीही सारखीच झिजायची.

ज्यांच्या घरात तंबोरा नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी तबली असते तिच्या मधोमध एक छोटंसं बाक असतं, तीच घोडी. खाली शिसवी लाकडाचे पाय, वर हाडाची पट्टी. चारही तारा या पट्टीवरून जातात. पट्टी सपाट दिसते पण असत नाही. तिला अगदी पुसटसा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-उठत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुणगुणता आवाज निघतो. त्या आवाजाला आणि तो काढण्याच्या कामाला, दोन्हीला आम्ही जवारीच म्हणतो. पण तार शेवटी धातूची. रोजच्या रियाजाने ती हाडात चर पाडते, मग स्वतःच त्या चरात रुतून बसते आणि आवाज कोंडतो. याला म्हणायचं जवारी बंद झाली. मग तारा सैल करून बाजूला घ्यायच्या, कानशीने पट्टी घासून चर काढायचा, उतार पुन्हा द्यायचा, तारा चढवून स्वरात लावायच्या आणि ऐकायचं. जवारी खुली झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा तारा सैल. असं काही वर्षं केलं की पट्टी इतकी पातळ होते की घासायला काही उरतच नाही. तेव्हा नवी घोडी घालायची.

आमचा हंगाम दसऱ्यानंतरचा. मराठी घरांमधून खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते, आणि पूजा करायची म्हणजे हळदकुंकू वाहायचं. ते कुठे वाहायचं? तर जिथून आवाज येतो तिथेच, असं आमच्या लोकांना वाटतं. ओलं कुंकू चरांत जाऊन बसलं की तंबोऱ्याची बोबडी वळते. नागरवाड्यातल्या एका भजनी मंडळाच्या गृहस्थांनी तर दिवाळीत घोडीला खोबरेल चोळून अभ्यंगस्नान घातलं होतं. "वर्षभर राबते हो बिचारी," असं ते मला सांगत होते, आणि मी सोड्याच्या पाण्याने ती घोडी धूत होतो. रागवायचं तरी कसं? मी एवढंच म्हणायचो, पूजा करा, पण कुंकू भोपळ्याला लावा, त्याला काही फरक पडत नाही. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तीच माणसं, तीच कुंकवाने माखलेली घोडी.

कारखान्यात नोकरीला असलेले एक इंजिनीयर सतार शिकत होते. घोडी सारखी झिजते याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा. एकदा ते रुमालात गुंडाळून चकचकीत पोलादाची घोडी घेऊन आले, स्वतः बसून करवून घेतलेली. "वसंतराव, ही आता आपल्या नातवंडांपर्यंत झिजायची नाही." मी म्हटलं, लावून बघू. लावली, तारा चढवल्या, त्यांनीच पहिला हात फिरवला. ताटं-वाट्या घासायला काढल्यासारखा आवाज आला. ते इतके हसले की समोरचा पानवाला डोकावून गेला. ती घोडी पुढे त्यांनी टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवली. माणूस मोठ्या मनाचा होता, अजून आठवतो.

आता आमच्या दुकानाचा एक नेम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अण्णांनी तो घातलेला होता. जवारी किती घासायची याचं माप नसतं. एकाला भरघोस खुली लागते, दुसऱ्याला थोडी आवळलेली, गोलसर लागते. बाईमाणसांचा तंबोरा वेगळा, पुरुषांचा वेगळा. म्हणून वाद्य ठेवून जा आणि परवा घेऊन जा, असं आमच्याकडे चालत नसे. मालकाने समोर पाटावर बसायचं, तारा छेडायच्या, ऐकायचं. कानस आमच्या हातात, पण थांबायचं कधी हे मालकाने सांगायचं. त्याने "बस" म्हटलं की कानस खाली ठेवायची. त्यानंतर एक हातही मारायचा नाही, आणि त्याआधी "झालं" असं आपण म्हणायचं नाही. घोडी नवी घातली असेल तर जुनी फडक्यात गुंडाळून मालकाला परत द्यायची. अण्णा सांगायचे, तिच्यात त्याचा रियाज असतो, आपल्याला ती ठेवून घ्यायचा हक्क नाही.

अण्णा अचानक गेले. मी तिशीच्या आतला होतो. हात बरा होता, पण तो अण्णांच्या देखरेखीखालचा. दिवसकार्य आटोपून दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकं येऊ लागली, तेव्हा एक चमत्कार झाला. सगळे लवकर "बस" म्हणू लागले. दोन हात कानस फिरवली की, "वा, बस बस, वसंतराव, अण्णांची आठवण झाली." मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्यांना वाद्याची नाही, माझी कीव येते. हे लोक माझ्या समोर छान म्हणतील आणि पुढच्या वेळी वाद्य मुंबईला पाठवतील, हेही कळलं. पण कबूल कोणाजवळ करणार?

त्या दिवसांत सुमतीबाई आल्या. नागरवाड्यात त्यांचा गाण्याचा वर्ग होता. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, मला लहानपणापासून ओळखत, म्हणून वसंता म्हणायच्या. त्यांच्या तंबोऱ्याची घोडी अण्णांनी केलेली होती आणि जवारी बंद झाली होती. त्या पाटावर बसल्या, डोळे मिटले, तारा छेडल्या आणि म्हणाल्या, "बंद आहे." मी घासली. "बंद आहे." पुन्हा घासली. त्या म्हणाल्या, "आता खुली झाली, पण पंचम वेगळा बोलतोय आणि खर्ज वेगळा. वसंता, हा अण्णांचा हात नाही."

मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मी म्हटलं, "बाई, अण्णा कुठून आणू?"

"अण्णा नको आणूस. पुन्हा लाव. मी बसते."

त्या दुपारभर बसल्या. त्यांनी चहा घेतला नाही, मला घेऊ दिला नाही. दिवेलागणीला कधीतरी चारही तारा एका घशातून निघाल्यासारख्या बोलल्या तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि "बस" म्हणाल्या. मी कारागीर झालो तो त्या दिवशी. त्यांनीही इतरांसारखं पहिल्या दमात "छान" म्हटलं असतं तर मी आयुष्यभर बरा मिस्त्री राहिलो असतो, एवढंच.

पुढची बरीच वर्षं बाईंचा तंबोरा माझ्याकडेच यायचा. बाईंबरोबर त्यांची शिष्या नयना यायची. गुजराती मुलगी, फतेगंजहून सायकलवर बाईंकडे शिकायला यायची. बाईंच्या घरात वावरून वावरून मराठी छान बोलायची, मात्र घाईत आली की गुजराती सुरू. बाईंना मूलबाळ नव्हतं. यजमान निवर्तले होते. वर्ग, नयना आणि तंबोरा हा त्यांचा संसार.

एका वर्षी अण्णांची ती घोडी शेवटी संपली. पट्टी कागदासारखी झाली होती. मी नवी घोडी केली, जुनी फडक्यात गुंडाळून बाईंपुढे ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली, म्हणाल्या, "ही देवात ठेवीन." मग पाटावर बसल्या आणि आम्ही जवारीला लागलो. थोड्या वेळात आवाज असा काही खुलला की मी मनात म्हटलं, आता बस म्हणतील. बाई म्हणाल्या, "बंद आहे."

मी घासली. आवाज आणखी उघडला, जरा जास्तच. "अजून," बाई म्हणाल्या. मी नयनाकडे बघितलं. ती तंबोऱ्याकडे बघत होती. मी आणखी घासली. आता जवारी चरचरायला लागली, पत्र्यावर वाळू सांडावी तशी. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, पूर्वी ऐकायच्या तशाच. "अजून थोडी." माझ्या हातून कानस पुढे जाईना. पण नेम तो नेम. घासली. मग त्या समाधानाने "बस" म्हणाल्या, आणि तो फाटलेला आवाज घेऊन नयना आणि त्या रिक्षात बसून गेल्या.

काही दिवसांनी नयना एकटीच आली. दारातच उभी राहिली.

"वसंतभाई, तुम्हाला समजलं ने?"

"समजलं. केव्हापासून?"

"दोन वरस तरी झाले असतील. आधी दरवाज्याची बेल ऐकायची नाही. मग कुकरची शिटी. बाई म्हणतात, बेल बिघडली आहे. मी म्हणते, हो बाई." ती उंबऱ्यावरच बसली. "मुलं तंबोऱ्यावर सूर धरतात तर धरताच येत नाही, एवढी चरचर आहे. बाई मुलांना रागावतात. दोन मुलींनी क्लास सोडला."

मी विचारलं, बाईंना कळत नाही? ती म्हणाली, "त्यांना वाटतं, घोडी बंद आहे. परत बदलायला आणणार आहेत. गुरुपौर्णिमेला बाहेरचे लोक येतील, बाई शेवटी स्वतः गातात. भाई, एक काम करो ने. तुम्ही सरखी, म्हणजे बरोबर जवारी लावा आणि मग नुसती कानस फिरवा, हाडाला लावूच नका. खोटं खोटं. बाई बघतील की घासताय. मग म्हणतील बस. त्यांना सांगू नका हं. एमने बहु लागी आवशे."

फार लागेल, हे मलाही कळत होतं. जवारीतली ती गुणगुण म्हणजे बारीक, उंच आवाज; म्हातारपणी कान तेच आधी सोडून देतो. बाईंना खर्ज ऐकू येत होता, तारेचा मूळ स्वर ऐकू येत होता, फक्त तिच्याभोवतीचं ते मोहोळ गेलं होतं. ज्या बाईंनी मला खुली आणि बंद यातला फरक शिकवला, त्यांच्यासाठी आता जगातली कुठलीही घोडी बंदच राहणार होती. मी नयनाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर अण्णांनी जपून ठेवलेला उंटाच्या हाडाचा जुना, मुरलेला तुकडा पेटीतून काढला. तसा एकच उरला होता. त्याची घोडी करायला घेतली.

बाई आल्या त्या गुरुपौर्णिमेच्या आधी. आल्या आल्या म्हणाल्या, "वसंता, तुझ्या त्या घोडीत काही राम नव्हता बरं का. लगेच बंद झाली." मी नवी घोडी बसवली. तारा चढवल्या, जवारी लावत गेलो. मुरलेलं हाड, कानशीखाली लोण्यासारखं येत होतं. आणि एका क्षणी ती लागली. मी इतकी चांगली जवारी आधी लावली नव्हती आणि नंतरही लावली नाही. नयनाचे डोळे भरून आले, तेवढ्यावरून मला खात्री पटली.

"बंद आहे," बाई म्हणाल्या.

नयना माझ्याकडे बघत होती. कानशीची बोथट कड खाली करून फिरवायची, एवढंच काम. मी तारा सैल केल्या, कानस उचलली. आणि मला ती दुपार आठवली. सगळं गाव मला दयेने "बस, बस" म्हणत होतं तेव्हा ही एक बाई चहा न घेता बसून राहिली होती. तिच्यासमोर मी नुसती कानस फिरवायची? माझ्याने ते झालं नाही. मी तारा परत चढवल्या, स्वरात लावल्या, कानस खाली ठेवली.

"बाई, बंद नाही. खुली आहे. जेवढी व्हायला हवी तेवढी झाली."

नेम मोडून "झालं" म्हणायची ती माझी पहिली वेळ. बाई चमकल्या. "मला बंद लागते आहे ना."

"हो. पण घोडी बंद नाही."

बाईंनी सावकाश नयनाकडे वळून बघितलं. "नयना, तू सांग."

नयना पदराने डोळे पुसायला लागली. बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी तंबोरा आडवा मांडीवर ओढला, दांडीला कान टेकवला आणि एकेक तार छेडली. लाकडातून काही येत असेल तर ते शोधत असाव्यात. बराच वेळ तशाच होत्या. मग डोकं उचललं आणि मला वाटलं त्याहून पुष्कळ साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मागची घोडी मीच बिघडवली. आणि मुलांना रागावले ते..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्या पाटावरून उठल्या. "नयना, इथे बस. डोळे मीट. आता तू ऐक."

"बाई, नको ने."

"बस म्हणते ना मी. घाई करू नकोस. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

नयना रडत रडत पाटावर बसली. तारा छेडल्या. खरं तर काही करायला उरलंच नव्हतं, पण बाई उभ्या राहून बघत होत्या म्हणून तिने पुन्हा पुन्हा ऐकलं, जवारी बारकाईने जुळवायला पंचमाच्या तारेखाली असतो तो सुताचा धागा केसभर सरकवायला सांगितला, पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "बस."

बाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलंस हे बरं केलंस, वसंता."

गुरुपौर्णिमेला बाई गायल्या नाहीत. नयना गायली. पुढच्या महिन्यापासून वर्ग नयनाने चालवायचा असं बाईंनी जाहीर केलं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या त्या वर्गात पुन्हा आल्या नाहीत. कानाचं यंत्र घेतलं होतं. त्यात तंबोरा रेडिओ नीट न लागल्यासारखा येतो म्हणून काढून ठेवलं. त्यानंतर त्या बरीच वर्षं होत्या. कधी भाजीच्या बाजारात भेटायच्या. तोंडली महाग झाली, पोस्टात फार रांग असते, असं बोलायच्या. गाण्याचं एक अक्षर नाही. मी जोरात बोलायचो, त्या हसून मान हलवायच्या.

मी खोटं बोलायला हवं होतं का? याचा विचार मी इतक्यांदा केला आहे की आता तो विचार माझ्याच चरात रुतून बसला आहे. नयनाच्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर बाई त्या वर्षी गायल्या असत्या. कदाचित पुढच्या वर्षीही. मुलांनी नीट लागलेल्या तंबोऱ्यावर सूर धरला असता, बाई खुशीत राहिल्या असत्या, कोणाचं काय बिघडलं असतं? पण मग वाटतं, एक दिवस त्यांनी घोडीवरून बोट फिरवलं असतं आणि बोटाला हाडाची भुकटी लागली नसती. तेव्हा त्यांना आपला कान गेल्याचंही कळलं असतं आणि वसंताने आपल्याला फसवल्याचंही. खरं बोललो यात माझं चुकलं, असं मला अजूनही म्हणता येत नाही. चुटपुट मात्र जात नाही.

दुकान मी काही वर्षांपूर्वी बंद केलं. आता तंबोरा डबीत मिळतो आणि मोबाइलमध्येही. त्यात जवारी कमी-जास्त करायचं बटणसुद्धा असतं म्हणे. नवी वाद्यं येतात त्यांची घोडी कसल्याशा कृत्रिम पट्टीची, तिला घासावं तर ती वितळते. जुन्या ओळखीचं कोणी आलं तर घराच्या गॅलरीत बसून मी काम करून द्यायचो. हत्यारं तिथेच एका पेटीत होती, अण्णांचा पाटही.

गेल्या वर्षी नयना आली. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत आणि तिचे विद्यार्थी तिला बाई म्हणतात. बरोबर तोच तंबोरा. बाई जाताना तिला देऊन गेल्या. उंटाच्या हाडाची ती घोडी इतकी वर्षं टिकली आणि आता झिजून संपली होती.

"वसंतभाई, नवी तुम्हीच घाला. दुसरीकडे मन मानत नाही."

मला फार आनंद झाला. घोडी तयार केली, बसवली, नयना पाटावर बसली. तिने डोळे मिटले, तारा छेडल्या. मी घासायला लागलो. काही वर्षांपासून मला आवाज जरा लांबून आल्यासारखे येतात, पण हाताला काम ठाऊक आहे म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. तारा लावल्या, ऐकलं; मला तर छान वाटलं. तरी आणखी थोडं घासावं म्हणून कानस उचलली तर नयना लगेच म्हणाली, "बस, भाई. एकदम सरस."

फार लवकर म्हणाली. आयुष्यभर मी लोकांचं "बस" ऐकत आलो. ते कुठून येतं, कानातून की काळजीतून, हे मला कळतं. त्याला चांगले कान लागत नाहीत. मी बोट पट्टीवर फिरवलं. मधे उतार होता, पण पुढची कड मी तशीच उभी ठेवली होती. तार तिथेच अडत असणार. पंधरा वर्षांचा नवशिक्याही जी चूक करणार नाही ती मी केली होती, आणि मला ती ऐकू आली नव्हती.

मी म्हटलं, "नयना, खरं सांग."

ती तंबोऱ्याच्या दांडीवरून हात फिरवत राहिली. तिने त्या दिवशी माझ्याकडे खोटं मागितलं होतं आणि मी दिलं नव्हतं. आज ती ते मला न मागता देत होती, आणि मी तेही घेत नव्हतो.

"बंद छे, भाई," ती म्हणाली.

मी कानस पेटीत ठेवली. जुनी घोडी फडक्यात गुंडाळली, तिच्या हातात दिली. तंबोरा मिरजेला पाठव, तिथे अजून हात आहेत, असं सांगितलं. ती जिना उतरताना मी दाराशी उभा राहिलो. बाईंसारखं तिच्या खांद्यावर हात ठेवून "सांगितलंस हे बरं केलंस" म्हणावं असं फार मनात होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण बाईंना जे जमलं ते मला जमलं नाही.